पाइनचे स्वप्न आणि पोहऱ्याचे रान

गेल्या नाताळच्या आठवड्यात धामणगाव रेल्वे येथील एका स्नेह्यांच्या घरी गोठा पाहावयास गेलो होतो. घर शेतकऱ्याचे. गोठा मुलांनी मोठ्या हौसेने उभारला होता. शेजारी पत्र्याच्या डब्यात सुरूची फांदी रोवली होती, तिच्यावर चांदण्या, घंटा आणि शेंड्यापासून बुडापर्यंत पसरलेला पांढराशुभ्र कापूस. बर्फ म्हणून! औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळून मिळतो तो कापूस. मागच्या खोलीत मात्र वेचणीचा कापूस छताला टेकला होता, भावाची वाट पाहत. मी त्या घरच्या दहा वर्षांच्या मुलास विचारले, "बाळ, घरात एवढा कापूस असताना हा विकत कशाला आणलास?" त्याने माझ्या अज्ञानाची कीव केली असावी. म्हणाला, "काका, घरच्या कापसात सरकी आहे. बर्फात सरकी नसते."

मी हसलो. घरची मंडळीही हसली. परंतु घरी परतल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या पिकावर त्या मुलाचे अन्नवस्त्र, त्याच्या शाळेची फी आणि त्याच्या बापाचे कर्ज अवलंबून आहे, ते पीक प्रभूच्या जन्मोत्सवात यावयाचे असेल तर त्याने आधी बर्फाचे सोंग घेतले पाहिजे. स्वतःच्या नावाने, सरकीसह, त्याला गोठ्यात प्रवेश नाही. हे त्या मुलाला कोणी शिकविले? शिकविणारे आपणच आहोत. आपली शुभेच्छापत्रे, आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील चित्रे, आपली सजावट यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच धडा गिरवून घेतला : देवाचे रान म्हणजे पाइनचे रान आणि देवाची ऋतू म्हणजे हिमवर्षाव. आपल्या मातीत जे उगवते ते पोटापुरते. पावित्र्य जे उगवते ते परदेशात.

या धड्याविरुद्ध मला आज स्पष्ट बोलावयाचे आहे. काही वाचकांना ते रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

प्रथम पाइनवरील अन्यायाचा आरोप दूर करतो. पाइन हा सुंदर वृक्ष आहे. काही वर्षांपूर्वी कुमाऊंच्या डोंगरात राणीखेतच्या बाजूस जाण्याचा योग आला, तेव्हा गावालगतच्या चिडाच्या वनातून एका सकाळी आम्ही पायी फिरलो. चीड म्हणजे हिमालयातला पाइन. झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी, खाली झुडपांची दाटी नाही, ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचलेले. पायांखाली गळालेल्या सुयांचा जाड थर. तिकडे त्यास पिरूळ म्हणतात. चढ फारसा नव्हता. वाट वळसा घेत घेत दीड-दोन तासांनी जेथून निघालो तेथेच आम्हास परत घेऊन आली. आमच्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते आणि सहा वर्षांची एक मुलगी होती. दोघांनाही ती वाट सारखीच मानवली. कोठे 'पॉइंट' नव्हता, कठडा नव्हता, 'येथून छायाचित्र घ्यावे' अशी पाटी नव्हती. तरीही परतताना सर्वांची मुखे प्रसन्न होती.

त्याच प्रवासात आणखी एक गोष्ट समजली. बर्फाच्छादित, शीतल, निष्पाप असे जे पाइनचे रान आपण चित्रात पाहतो, ते प्रत्यक्षात उन्हाळ्यात पेट घेणारे रान आहे. सुकलेला पिरूळ आणि झाडातील राळ यांमुळे उत्तराखंडात दरवर्षी वणवे लागतात. इंग्रजी अमदानीत राळेसाठी आणि लाकडासाठी चिडाला झुकते माप मिळाले, त्याचे ओझे तेथील बायाबापड्या आजही वाहत आहेत. म्हणजे तेथील माणसाला पाइन हे स्वप्न नाही. ते त्याचे सुखदुःखाचे, कष्टाचे रान आहे. जेथे तो उगवतो तेथे पाइन खरा आहे. खोटा आहे तो आपल्या डब्यातला.

डब्यातला तर पाइनही नसतो. आपण तोडतो ती सुरूची फांदी. सुरू मुळात ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचा. त्याच्या ज्या हिरव्या सुया आपणांस दिसतात त्या पानेसुद्धा नव्हेत, बारीक डहाळ्या होत. खोट्या पाइनवर विकतचे खोटे बर्फ घालून आपण खऱ्या देवाचा जन्म साजरा करतो आणि शेजारच्या बिगरख्रिस्ती बांधवाने 'तुमचा धर्म बाहेरचा' असे म्हटले की दुखावतो. तो बिचारा आपल्या ओसरीवर जे दिसते त्यावरूनच बोलत असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता आपल्या रानाकडे वळतो. चांदूर रेल्वेहून अमरावतीस जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांस पोहरा-मालखेडचे राखीव जंगल लागते. धामणगावची माणसे कचेरीच्या कामाला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला याच रस्त्याने शेकडो वेळा जातात आणि बसच्या खिडकीतून त्या रानाकडे पाहत डुलक्या घेतात. हे शुष्क पानगळीचे रान आहे : साग, पळस, तेंदू, मोह आणि मधूनमधून गवताची मोकळी राने. अमरावतीसारख्या मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर इतके रान उरले आहे, हे आपले भाग्य. पण त्या भाग्याची ओळख आपण करून घेतली आहे काय?

गेल्या मार्चमध्ये, प्रायश्चित्तकाळातील एका शनिवारी, वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही अकरा जण तेथे गेलो. सोबत एक वनरक्षक होते. त्यांनी आम्हास आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "काहून आले जी इकडं? इथं तं पाहासारखं काईच नाई." त्यांच्या त्या वाक्यात थट्टा नव्हती, प्रामाणिक आश्चर्य होते. आजवर त्यांनी लाकूडतोडे पाहिले होते, शिकारी पाहिले होते, मद्याच्या बाटल्या घेऊन येणारी टोळकी पाहिली होती. नुसते चालावयास आलेली कुटुंबे त्यांनी क्वचितच पाहिली असावीत.

आणि खरोखरच, पर्यटकाच्या अर्थाने तेथे पाहण्यासारखे काही नव्हते. साग निष्पर्ण झालेला. मोठमोठी वाळली पाने वाटेवर पसरलेली, पाऊल टाकावे तर पापडासारखा आवाज. झाडांमधून ऊन सरळ भुईवर उतरलेले. कुमाऊंतील त्या चिडाच्या वनाची मला तेथे फार आठवण झाली. तसेच अंतर राखून उभे असलेले सरळ खोड, तोच मोकळा प्रकाश, तीच बिनचढाची वळसा घेणारी वाट. फरक एवढाच की येथे मधूनमधून पळस पेटला होता. पान एक नाही, सगळे झाड केशरी. आमच्यातील एक मावशी, जपमाळ हातात घेऊन चालत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "राखेच्या बुधवारपासून देवळात फुलं नाहीत म्हणून मला उदास वाटत होतं. देवानं इथं ठेवली होती होय!"

वाचकहो, मी विचारतो, प्रायश्चित्तकाळाचा याहून चांगला पाठ कोणत्या पुस्तकात आहे? ज्या आठवड्यांत आपण उपवास करतो त्याच आठवड्यांत हे रान आपली पाने टाकून उभे राहते. ज्या सुमारास आपण क्रुसाची वाट चालतो त्या सुमारास पळस रक्तवर्ण होतो. आणि पुनरुत्थानाचा सण जवळ येतो तेव्हा पानेही न फुटलेल्या मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडलेला असतो. गोरगरिबांच्या टोपल्या भरतात. उत्तरेकडील देशांत ईस्टर वसंताबरोबर येतो, म्हणून तेथील भाविकांनी वसंताची चिन्हे उपासनेत घेतली. त्यांनी आपल्या रानाकडे डोळे उघडून पाहिले. आपण मात्र त्यांच्या रानाकडे पाहत बसलो.

येथे एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. येशूजन्माच्या शुभवर्तमानात पाइनचा उल्लेख कोठेही नाही. ऊद मात्र आहे. मागी लोकांनी बाळाच्या चरणी सोने, ऊद आणि गंधरस वाहिले. तो ऊद ज्या कुळातील झाडांचा चीक, त्याच कुळातील एक झाड आपल्या विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या रानांत उभे आहे. त्याचे नाव सालई. तिच्या डिंकाचा सुवास अस्सल धुपाचा असतो. आपल्या मुलांपैकी किती जणांना सालई ओळखता येते? मागींच्या नजराण्याचे नातलग झाड आपल्या डोंगरात आणि आपण प्लॅस्टिकच्या पाइनसाठी बाजार धुंडाळतो, यास काय म्हणावे?

माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकले, त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप श्रद्धेच्या नावाने येतो. झाडांपुढे शांत उभे राहणे, रानात प्रार्थना करणे ही निसर्गपूजा झाली. ख्रिस्ती माणसाचे स्थान देवळात आहे, असे काही सज्जन म्हणतात. त्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडावे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. प्रभू येशू प्रार्थनेसाठी वारंवार डोंगरावर आणि एकांतात जात असे. पुनरुत्थित प्रभू अम्माऊसच्या दोन शिष्यांना भेटला तो चालत्या वाटेवर, आणि ते शिष्य त्याच रात्री जेथून निघाले होते त्या यरुशलेमला परत आले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये पर्यावरणाच्या उपासकांचे आश्रयदाते घोषित केले. तरुण धर्मगुरू असताना हेच जॉन पॉल पोलंडच्या डोंगरांत विद्यार्थ्यांना घेऊन हिंडत असत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक दिले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी ज्यांना संतपद दिले ते पिएर जॉर्जो फ्रासाती हे ट्यूरिनचे तरुण गरिबांचे सेवक तर होतेच, पण जातिवंत डोंगरभटके होते. आता या सर्वांना निसर्गपूजक ठरवावयाचे असेल तर माझेही नाव त्या यादीच्या शेवटी लिहावे. माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका वाघाने आपल्या धामणगाव तालुक्यात दोन माणसांचा बळी घेतला. त्या दिवसांत संध्याकाळी रस्ते ओस पडत, शेतात जावयास कोणी धजत नसे. तो वाघ पुढे मध्य प्रदेशात गेला आणि डिसेंबरमध्ये बैतूल जिल्ह्यात पकडला गेला. ज्यांच्या घरातील माणूस गेले त्यांना वाघाच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे हा क्रूरपणा होईल. पण त्या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. ती दोन माणसे सहलीला गेलेली नव्हती. आपल्याच शिवारात होती. वाघ आपल्या दारात आला, आपण त्याच्या दारात गेलो नव्हतो. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्यास वन्य जनावराला झाडीचे सलग पट्टे लागतात. ते तुटले की त्याची वाट तुरीतून आणि कपाशीतून जाते. म्हणून रानाकडे पाठ फिरविल्याने आपण सुरक्षित होत नाही. पोहऱ्याच्या जंगलात बिबट्या आहे, हे मान्य. यास्तव परवानगी काढावी, वनरक्षक सोबत घ्यावा, दिवसाउजेडी, समूहाने, मुलांना मध्ये ठेवून चालावे. नियम पाळून चालणाऱ्या समूहाला अपघाताचा अधिक धोका अमरावतीच्या रस्त्यावर आहे, आणि तेथे आपण रोज जातो.

तिसरा आक्षेप असा की, हे शहरी, पोट भरलेल्या लोकांचे चोचले आहेत. आमच्या भागातील गरीब दिवसभर शेतात राबतो, त्याने पुन्हा पायपीट कशाला करावी? हे म्हणणारे कष्टकऱ्याचे कैवारी म्हणून बोलतात, परंतु वऱ्हाड त्यांना कळलेला नाही. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला पायी जाते. ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते. त्या दिंडीत चालणारी माणसे शेतात राबणारीच असतात. राबणे वेगळे आणि चालणे वेगळे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. आपलेच पूर्वज याच मातीतले. वेलांकनीस रेल्वेने आणि लूर्दला विमानाने जाणारी आपली पिढी मात्र पायांनी प्रार्थना करण्यास विसरली.

आणि आता सर्वांत कटू भाग. आपण रानात जातच नाही असे नाही. आपण वार्षिक सहलीला जातो. चिखलदऱ्यास, विदर्भाच्या नंदनवनात! अशाच एका सहलीत मी होतो. कोठली, ते सांगत नाही, कारण दोष कोणा एका धर्मग्रामाचा नाही. निघताना बसमध्ये जपमाळ झाली आणि ती संपताच ध्वनिक्षेपक सुरू झाला, तो रात्री परत येईपर्यंत थांबला नाही. एका 'पॉइंट'वरून दुसऱ्या 'पॉइंट'वर धाव, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र, मग जेवण. ताटे-पेले सारे फेकून देण्याचे. मार्च २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. पण ती बंदी दरीत उतरत नाही, कारण दरी पोलिसांत तक्रार करत नाही. जेवणापूर्वी अन्नाबद्दल देवाचे आभार मानले आणि जेवणानंतर देवाच्या दरीत उष्टे ढकलले. आमच्यापैकी कोणीही एक शब्द उच्चारला नाही. मीही नाही. त्या दिवसाची लाज अजून माझ्यापाशी आहे.

ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, ज्यांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि २० डिसेंबर १९५६ रोजी, नाताळच्या पाच दिवस आधी, याच जिल्ह्यात देह ठेवला, त्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाला स्वच्छता शिकविण्यासाठी रोमहून परिपत्रक यावे लागते, आणि ते आल्यावरही आपण वाचत नाही! पळसाच्या पानांची पत्रावळ आपल्या आजीला लावता येत होती. ती मातीत पडली तर मातीच होत असे.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाची लेखणी आणि हरित वसईची चळवळ एकाच हाताने चालविली. समाजविघातक शक्तींशी संघर्ष पत्करला, आणि मराठी सारस्वताने त्यांना २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या निधनानंतर आपण शोकसभा घेतल्या. पण झाडे राखणे हे ख्रिस्ती श्रद्धेचे काम आहे, हा त्यांचा वारसा वसईपुरता होता काय? त्याआधी चार शतके, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राचोलला छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या धर्मगुरूला मराठी भाषेची थोरवी सांगावयाची होती तेव्हा त्याने इंग्लंडचे फूल आठविले नाही, येथला मोगरा आठविला. परदेशातून आलेल्याला येथले फूल दिसले, आणि येथे जन्मलेल्या आपणांस येथले झाड दिसत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फांदीवरून एवढे रामायण कशाला? मुलांचा आनंद आहे, तो राहू द्या. राहू द्यावा. सेंट पीटर्स चौकात १९८२ पासून नाताळचे झाड उभे राहते, त्यास माझा विरोध असण्याचे कारण नाही. ते युरोपातल्याच डोंगरांतून, तेथल्याच लोकांनी आणलेले असते. नेमकी हीच माझी मागणी आहे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला तो त्या गावच्या गवताने आणि त्या गावच्या बैल-गाढवांनिशी. त्यांचे अनुकरण करावयाचे तर धामणगावचा गोठा पऱ्हाटीचा हवा, तुरीच्या काड्यांचा हवा, त्यात कडबा हवा आणि बाळाच्या अंगाखाली घरचा, सरकीसकटचा कापूस हवा. बेथलेहेमच्या गव्हाणीत जे होते ते त्या शेतकऱ्याचे होते. कोणी ते सजवून आणले नव्हते.

माझे आवाहन साधे आहे. आपल्या अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ मध्ये झाली. सत्तरी उलटलेल्या या धर्मप्रांतातील प्रत्येक धर्मग्रामाने येत्या प्रायश्चित्तकाळात एक शनिवार राखून ठेवावा. दूर जाण्याचे कारण नाही. धामणगाव-चांदूरच्या लोकांना पोहरा आहे, अचलपूर-परतवाड्याच्या लोकांना मेळघाटाचा पायथा आहे. बिनचढाची, वळसा घालून परत येणारी वाट निवडावी, म्हणजे म्हातारी माणसे आणि मुले गाळावी लागणार नाहीत. त्या वाटेवर क्रुसाची चौदा स्थाने करावीत. ध्वनिक्षेपक नको आणि मेणबत्त्या तर मुळीच नकोत. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्यांचा, एक ठिणगी पुरते. खांद्यावर पाणी आणि शिदोरी न्यावी, जे नेले ते सर्व परत आणावे, आणि दुसऱ्यांनी टाकलेलेही एक पोते भरून आणावे. प्रायश्चित्त म्हणून ते पोते पुरेसे आहे.

आम्ही त्या शनिवारी दोन पोती आणली. परत निघताना वनरक्षकांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत. मग आमच्यातील सर्वांत लहान मुलाला त्यांनी हाताला धरून एका झाडापाशी नेले आणि खोडावरील अस्वलाच्या नव्हे, बिबट्याच्या नखांच्या जुन्या खुणा दाखविल्या. तो मुलगा म्हणजे सुरूच्या फांदीवर कापूस पसरणाराच. बराच वेळ तो त्या खुणांवरून बोट फिरवीत होता. बसमध्ये बसल्यावर त्याने मला विचारले, "काका, या झाडाचं नाव काय होतं?"

मला सांगता आले नाही. साठ वर्षे मी त्या रस्त्याने जात-येत आहे. पाइन मात्र मला चित्रातही ओळखता येतो.